पित्ताशयाचे ऑपरेशन : डॉक्टर मध्येच का थांबले?



या सदरात एरवी आपण खते, बियाणे, कीड आणि रोग यांविषयी बोलतो. आज मी पोटातल्या ऑपरेशनविषयी लिहिणार आहे, तेव्हा "साहेबांनी नांगर सोडून सुरी कधी हातात घेतली?" असे कुणी म्हणेल. सुरी हातात घेतलेली नाही. मी कृषी पदवीधर आहे, डॉक्टर नाही, आणि औषधपाणी सांगण्याचा मला अधिकारही नाही. पण गेल्या मार्चमध्ये आमच्या घरी एक प्रसंग घडला. त्यात आम्ही एका भल्या डॉक्टरांशी वाईट वागलो. का वागलो याचा विचार करताना माझ्या ध्यानात आले की एक साधी गोष्ट आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. तुमच्या घरातही ती ठाऊक नसण्याचा संभव आहे, म्हणून हा लेख.

आमच्या वहिनींना, म्हणजे थोरल्या बंधूंच्या मंडळींना, आदल्या वर्षी ज्वारीच्या काढणीच्या वेळी पहिल्यांदा पोटात कळ आली. उजव्या बरगडीखाली दुखू लागले, ते पाठीतून खांद्यापर्यंत गेले, दोन उलट्या झाल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या. घरात ठरले, सुगी होऊ द्या. सुगी झाली तर धाकट्या मुलीचे लग्न आले. लग्न झाले तर पेरण्या आल्या. दरम्यान आणखी दोनदा कळ आली, एकदा तापही आला. शेवटी तालुक्याच्या गावी ऑपरेशन ठरले. दुर्बिणीचे ऑपरेशन, चार भोके, दुसऱ्या दिवशी घरी, असा हिशेब. दादांनी तर सालगड्याला सांगून ठेवले होते की परवा सकाळी मी मळ्यात येतो.

वहिनींना आत नेल्यावर तासाभरात डॉक्टर स्वतः बाहेर आले. अंगावर हिरवा डगला, तोंडावरचा मास्क खाली ओढलेला. म्हणाले, "आत फार चिकटलेलं आहे. एक मोठी रक्तवाहिनी जिथे नसावी तिथे आहे असं वाटतंय. दुर्बिणीतून पुढे जाणं मला धोक्याचं वाटतं. पोट उघडून करतो. कागदावर तुमची सही आहेच, तरी सांगून जातो."

दादा उसळले. "चार भोकात काम होईल म्हणालात ना? आता येत नाही म्हणून पोट फाडता का?"

डॉक्टर एवढेच म्हणाले, "मला येतं की नाही ते नंतर बोलू. आत्ता मला त्यांच्याकडे जाऊ द्या." आणि आत गेले.

वहिनींच्या उजव्या बरगडीखाली वीतभर छेद आला. सहा दिवस दवाखान्यात राहावे लागले. त्या सहा दिवसांत दादांनी फोनवरून निम्म्या गावाला कळवून टाकले की डॉक्टर कच्चा आहे. मी दादांना अडवले नाही. खरे सांगायचे तर मलाही आतून तसेच वाटत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी न राहवून विचारले, की साहेब, रक्तवाहिनी जिथे नसावी तिथे होती म्हणजे काय? माणसाच्या पोटातला नकाशा तर तुम्हाला कॉलेजात पाठ करवून घेतात ना? ते हसले, खुर्ची ओढून बसले आणि केसपेपरच्या पाठीवर चित्र काढू लागले. त्यानंतर मी बरेच वाचले, आणखी दोघा-तिघा सर्जन मंडळींना विचारले. ते सगळे आता तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

बोकड सोललेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना पित्ताशय दाखवायला नको. कलेजीला खालच्या अंगाने चिकटलेली ती हिरवट पिशवी. खाटीक ती किती जपून सोडवतो, कारण फुटली तर सगळी कलेजी कडू. (घोड्याला मात्र ही पिशवी नसते, आणि कबुतरालाही नसते. त्यांचे त्यावाचून काही अडत नाही, आणि माणसाचेही फारसे अडत नाही.) माणसात ही पिशवी लहानशा पेरूएवढी असते. यकृतात पित्त तयार होते, ते एका मोठ्या नळीने आतड्याकडे जाते. या मोठ्या नळीला मध्येच एक लहान नळी फुटते, ती पित्ताशयाकडे जाते. पित्त तिथे साठते, घट्ट होते, आणि जेवणानंतर परत त्याच वाटेने खाली उतरते. शेततळे कालव्याला आडव्या चारीने जोडलेले असावे तसे.

ऑपरेशनात पित्ताशय खड्यांसकट काढून टाकतात. त्यासाठी दोनच गोष्टी बंद करून कापायच्या असतात. एक ती लहान नळी. दुसरी पित्ताशयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी, जिला शाळेच्या पुस्तकात रोहिणी म्हणत. ही रोहिणी सुतळीसारखी बारीक असते. दोन ठिकाणी चिमटे लावायचे, मध्ये कापायचे, आणि पिशवी यकृतावरून सोडवून बाहेर काढायची. ऐकायला सोपे आहे. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख या सर्जनने १८८२ साली हे ऑपरेशन जगात पहिल्यांदा केले, तेव्हापासून त्यातले मुख्य काम हेच आहे.

अडचण अशी की या दोन गोष्टी एकट्या उभ्या नसतात. चरबीत लपेटलेल्या असतात, आणि त्यांच्या अगदी शेजारून दुसऱ्या दोन फार मोलाच्या गोष्टी जात असतात. एक म्हणजे यकृताकडून येणारी ती मोठी पित्तनळी, आणि दुसरी म्हणजे यकृताच्या उजव्या भागाला रक्त नेणारी मोठी रोहिणी. ही सगळी गर्दी जेमतेम दोन-तीन बोटांच्या जागेत. झाँ-फ्रांस्वा कालो नावाच्या तरुण फ्रेंच डॉक्टरने १८९१ साली या जागेचे त्रिकोणात वर्णन केले, म्हणून तिला आजही कालोचा त्रिकोण म्हणतात. गंमत अशी की हा गृहस्थ पुढे हाडांच्या रोगांचा डॉक्टर म्हणून नावाजला, पण जगभरचे सर्जन त्याची आठवण काढतात ती पित्ताशय काढताना.

पुस्तकातल्या चित्रात काय असते? यकृताची मोठी रोहिणी वर जाते, तिला डावी आणि उजवी अशा दोन फांद्या फुटतात. उजवी फांदी मोठ्या पित्तनळीच्या मागून त्रिकोणात येते, तिथे पित्ताशयाची बारीक रोहिणी तिच्यातून निघते आणि पित्ताशयावर पसरते. चित्र सुबक असते. पण माणसे चित्र पाहून जन्माला येत नाहीत.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात निकोलस मिकेल्स नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. त्यांनी दोनशे मृतदेह घेऊन प्रत्येकातल्या यकृताच्या रक्तवाहिन्या एकेक करून सोडवून पाहिल्या. १९५५ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला आणि १९६६ मध्ये त्यांनी या वाटांचे दहा प्रकार पाडून दाखवले. पुस्तकातल्यासारखी सरळ मांडणी त्यांना किती जणांत सापडली असेल? शंभरात ५५. उरलेल्या ४५ जणांत काही ना काही फेरफार. म्हणजे आपल्या पारावर दहा माणसे बसली असतील तर त्यांतल्या चार-पाच जणांच्या पोटात पुस्तकापेक्षा वेगळा नकाशा आहे, आणि त्यांना तो जन्मभर कळणार नाही, कारण त्याने काही बिघडत नाही. हा रोग नव्हे, व्यंगही नव्हे. आईच्या पोटात गर्भ वाढत असतो तेव्हा यकृताला तीन ठिकाणांहून रोहिण्या येतात. पुढे सहसा दोन आटून जातात आणि एक राहते. एखाद्यात दुसरीच टिकते, एखाद्यात दोन्ही टिकतात. ओढ्याने पात्र बदलावे आणि जुन्या पात्रातही थोडे पाणी वाहत राहावे, तसा हा प्रकार.

आता त्यांतले सर्जनला अडचणीत आणणारे प्रकार सांगतो.

पहिला, आणि मला वाटते सर्वांत फसवा. यकृताची उजवी मोठी रोहिणी सरळ न जाता पित्ताशयाजवळ येऊन वळसा घेते, कुबड काढते आणि मग यकृतात शिरते. इंग्रजी पुस्तकात याला सुरवंटाची पाठ म्हणतात. कृषी खात्याच्या माणसाला विचाराल तर मी उंटअळी म्हणेन. सोयाबीनवरची उंटअळी चालताना पाठीची कमान करते ना, हुबेहूब तशी. या कमानीच्या टोकावरून पित्ताशयाची रोहिणी निघते, आणि ती असते अगदी आखूड. सर्जनच्या नजरेसमोर पित्ताशयाला टेकलेली ती कमान येते आणि तीच पित्ताशयाची रोहिणी वाटते. तिला चिमटा लावला की यकृताच्या उजव्या भागाचे रक्त तोडले. वहिनींच्या पोटात हाच प्रकार होता.

माझ्या मनात लगेच आमच्या शिवारातली एक गोष्ट आली. एका शेतकऱ्याने शेतात पाइपलाइन पुरायला जेसीबी लावला. कागदावर शेजाऱ्याची लाइन बांधाच्या कडेने सरळ गेलेली. प्रत्यक्षात ती पुरताना जुन्या बाभळीचे खोड आडवे आले होते, म्हणून गवंड्याने वळण देऊन ती याच्या शेतात बारा फूट आत घेतली होती. बाभूळ गेली, गवंडी गेला, वळण राहिले. जेसीबीच्या बकेटला पाइप लागला तेव्हा याला वाटले आपलाच जुना पाइप आहे, आणि उचकटला. तिकडे शेजाऱ्याचा चार एकर ऊस तहानला. जेसीबीवाला अडाणी होता का? नाही. पाइप त्याला दिसलाही होता. कुणाचा आहे एवढेच कळले नव्हते. पोटातही असेच होते. वाहिनी आपल्या शेतातून गेली म्हणून ती आपली होत नाही, ती कुठे जाऊन पोहोचते ते पाहावे लागते.

दुसरा प्रकार असा, की उजवी रोहिणी नेहमीच्या मुळातून निघतच नाही. आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिणीतून ती निघते आणि मागच्या बाजूने वर येऊन त्रिकोणात शिरते. शंभरातल्या दहा-पंधरा जणांत हे आढळते. सर्जनचे लक्ष पुढून आणि ही मागून, त्यामुळे जपावे लागते.

तिसरा प्रकार पित्ताशयाच्या स्वतःच्या रोहिणीचा. कधी ती एक नसून दोन असतात. कधी एकच असते पण लवकर दुभंगते, पुढची फांदी दिसते, चिमटा लागतो, सर्जन निश्चिंत होतो, आणि पिशवी सोडवताना मागची फांदी तुटून रक्त येते. कधी ती त्रिकोणातून येतच नाही, खालून जठराकडच्या रोहिणीतून निघून लहान नळीच्या पुढून वर चढते. याखेरीज पित्ताशय जिथे यकृताला चिकटलेले असते त्या जागेत काही माणसांत यकृताच्या एका मोठ्या शिरेची फांदी अगदी वरच असते. तिथे सोडवण जरा खोल गेली तर काळपट रक्त भराभर येते.

तुम्ही विचाराल, मग सोनोग्राफीत हे का दिसले नाही? दादांनीही हेच विचारले होते. सोनोग्राफीत खडे दिसतात, पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे का ते दिसते, मोठी नळी फुगली आहे का तेही कळते. पण ही बारीक वाहिनी कुठून कुठे वळते हे नेहमीच्या सोनोग्राफीत कळत नाही. रक्तवाहिन्यांचा रंग घालून सीटी स्कॅन केला तर बरेचसे दिसेल, पण प्रत्येक पित्ताशयासाठी तो करत नाहीत आणि करण्याची गरजही नसते. खर्च आणि किरणे, दोन्ही विनाकारण. म्हणजे नकाशा हातात असला तरी जमीन खणल्यावरच कळते. मोठ्या रुग्णालयांत आता एक हिरवा रंग शिरेतून देतात आणि खास कॅमेऱ्याखाली पित्तनळ्या चमकतात. उपयोगी आहे, पण सगळीकडे नाही, आणि फार चिकटलेल्या जागी त्यालाही मर्यादा पडतात.

आता दुर्बिणीविषयी. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ साली केले. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ते आणले. फार चांगली गोष्ट झाली. मोठा छेद नाही, माणूस लवकर कामाला लागतो, आणि शेतकऱ्याच्या घरात तर त्याची किंमत किती ते मी सांगायला नको. पण एक हिशेब ध्यानात ठेवा. पोट उघडून करताना सर्जनचे बोट आत असते. बोटाला रोहिणीचा ठोका लागतो, तिच्या जाडीचा अंदाज येतो. दुर्बिणीत पोटात वायू भरतात, कॅमेरा आत घालतात आणि पडद्यावर पाहून लांब दांड्याच्या हत्यारांनी काम करतात. दिसते मोठे आणि स्वच्छ, पण बोट गेले. सगळी भिस्त डोळ्यावर.

आणि डोळा फसतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पित्तनळीला इजा झालेल्या २५२ ऑपरेशनांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत शंभरातल्या ९७ वेळा मुख्य कारण होते नजरेचा भ्रम. सर्जनने हात चुकवला नव्हता. एक नळी त्याला दुसरी वाटली होती आणि त्याने ती नीट, व्यवस्थित, खात्रीने कापली होती. माळावर उन्हात पाणी दिसते तेव्हा आपल्याला शंका येते का? मग त्यालाही आली नसेल तर नवल नाही. ही तपासणी नळीची होती, रोहिणीची नव्हे. पण दोन्ही एकाच त्रिकोणातल्या, आणि फसण्याची रीतही तीच. किंबहुना एकीतून दुसरी उद्भवते. न ओळखलेली रोहिणी तुटते, रक्त उसळते, पडदा लाल होतो, आणि घाईने आंधळेपणी चिमटे लावायला गेले की त्यात मोठी पित्तनळी सापडते. म्हणून चांगले सर्जन रक्त आले की आधी दाबून धरतात, शोषून घेतात, जागा स्वच्छ दिसेपर्यंत चिमटा लावत नाहीत. ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या सर्जनने १९०८ साली यकृताकडे जाणारा रक्तवाहिन्यांचा सगळा पदरच बोटात धरून दाबण्याची युक्ती सांगितली. जोराचा रक्तस्राव थांबवायला ती आजही वापरतात. पाट फुटला की आधी वरचे दार पाडायचे, मग भगदाड शोधायचे, तीच रीत.

मोठी रोहिणी तुटली तर यकृत मरते का? बहुधा नाही, कारण यकृताला तीन हिस्से रक्त आतड्यांकडून येणाऱ्या एका मोठ्या शिरेतून मिळते, रोहिणीतून एकच हिस्सा. पण पित्तनळ्यांचे पोषण मुख्यतः रोहिणीवर असते. नळी आणि रोहिणी दोन्हींना इजा झाली तर मामला फार गंभीर होतो. नळीची इजा विरळा आहे, हजारात दोन-चार जणांना होते, पण ज्याला होते त्याच्या मागे दुसरे मोठे ऑपरेशन, महिनोन्‌महिने दवाखाना आणि लाखोंचा खर्च लागतो. वहिनींचा वीतभर छेद आणि सहा दिवस हे याच्या शेजारी ठेवून पाहा. दादांना ते दाखवायला मला बराच वेळ लागला.

यावर उपाय काय निघाला? अमेरिकेतल्या सेंट लुइसचे सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक नियम सांगितला. त्यात नवे यंत्र नाही, महाग औषध नाही. त्रिकोणातली सगळी चरबी आणि पापुद्रे साफ करायचे. पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतावरून सोडवून मागची जागा उघडी दिसू द्यायची. आणि मग पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत. तोवर काहीही कापायचे नाही. नकाशा काहीही म्हणो, पित्ताशयात जाऊन संपणारी वाहिनी तेवढी पित्ताशयाची. जी पुढे यकृतात जाते तिला हात लावायचा नाही. मला हा नियम फार आवडला. पोटातल्या ४५ टक्के उलट्यासुलट्या वाटा पाठ करण्यापेक्षा वाहिनीचे टोक पाहावे, हे आपल्या पाटकऱ्यालाही पटेल.

पण हे दिसण्यासाठी जागा मोकळी असावी लागते. वारंवार सूज येऊन गेली असेल तर चरबी, पापुद्रे, नळी, रोहिणी सगळे एकमेकांत चिकटून घट्ट होते. पावसात तुडवलेल्या चोपण जमिनीत मुळे सोडवून काढा म्हटल्यासारखे. आमच्या वहिनींच्या तीन कळा आणि एक ताप यांनी तेच केले होते. आम्ही सुगी, लग्न आणि पेरणी करत बसलो आणि दोष दिला डॉक्टरांना. म्हणून ज्यांना कळा येऊन गेल्या आहेत त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली तारीख शेतीच्या वेळापत्रकात बसते का हे पाहत बसू नये. (ज्यांचे खडे केवळ दुसऱ्या कारणाने केलेल्या सोनोग्राफीत दिसले आणि कसलाच त्रास नाही, त्यांना बहुधा ऑपरेशनच लागत नाही. त्यांनी हे वाचून घाबरू नये. आणि मुतखड्याचे औषध या खड्यांवर चालवू नये, हे खडे वेगळे.)

जागा मोकळी होईना, दोन गोष्टी स्पष्ट दिसेनात, तर सर्जनपुढे काही वाटा असतात. दुसऱ्या अनुभवी सर्जनला बोलवावे. पोट उघडावे. किंवा त्रिकोणात न शिरता पित्ताशय वरून उघडून खडे काढावेत, बरीचशी पिशवी काढावी आणि धोक्याच्या जागेचा तुकडा तसाच ठेवून द्यावा, सोबत एक नळी बाहेर ठेवावी. अगदीच वेळ आली तर थांबून मोठ्या रुग्णालयात पाठवावे. ठरवून केलेल्या ऑपरेशनांतही शंभरातल्या दोन-पाच जणांचे पोट उघडावे लागते, सूज असताना केले तर जास्त. यातली कुठलीही वाट घेतली तरी पेशंटचे नातेवाईक बाहेर काय म्हणतील, हा विचार सर्जनच्या मनात येत असणार. एका सर्जनने मला मोकळेपणी सांगितले, की बाहेर पन्नास माणसे उभी असली की हात थांबवणे जड जाते. हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. आम्ही त्या दिवशी बाहेर सातजण होतो आणि आवाज चढला होता.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी, सही करण्यापूर्वी, शांतपणे विचारून घ्या: अवघड निघाले तर तुम्ही काय करणार? इथे करता येईल की पुढे पाठवाल? रक्ताची सोय आहे का? आणि तुमच्याकडून एक सांगा, की साहेब, तुम्हाला थांबावेसे वाटले तर थांबा, आमची तक्रार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणी घेत असेल तर तेही त्यांच्या कानावर घाला. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

घरी आल्यावरची गोष्ट याहून महत्त्वाची, कारण तिथे डॉक्टर नसतात, आपणच असतो. दुखणे रोज थोडे कमी व्हायला हवे. ते वाढत चालले, पोट फुगले, थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, जखमेतून वा नळीतून हिरवे-पिवळे पाणी आले, तर त्याच दिवशी ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडे न्या. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर आलेली कावीळ ही आपली नेहमीची कावीळ समजू नका. नाकात थेंब सोडणारे, गळ्यात माळ घालणारे यांच्याकडे तिचा इलाज नाही, आणि तिथे गेलेला आठवडा परत मिळत नाही. आणखी एक. रोहिणीला बारीकशी इजा झालेली असली तर काही वेळा आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, तिच्या भिंतीला फुगा येऊन तो फुटतो. डांबरासारखी काळी शौचास होते किंवा रक्ताची उलटी होते, सोबत पोटात कळ आणि कावीळ. "आता महिना झाला, त्याचा काय संबंध" असे म्हणू नका. मोठ्या रुग्णालयात न्या आणि ऑपरेशनचे कागद सोबत असू द्या. आत कुठली वाहिनी कशी होती हे सर्जनने त्यात लिहिलेले असते. आमच्या वहिनींच्या कागदावर ती उंटअळी दोन ओळींत लिहिली आहे. मी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या पाकिटातच ठेवायला लावला, म्हणजे हरवणार नाही.

वहिनी आता बऱ्या आहेत. या हंगामात कापूस वेचायला गेल्या होत्या. दादा टाके काढायच्या दिवशी दवाखान्यात आले, पण आत न जाता बाहेर गाडीजवळच उभे राहिले. डॉक्टरच बाहेर आले आणि "ऊस कसा आहे यंदा?" म्हणून विचारले. दादा म्हणाले, "पाणी कमी पडतंय." मग दोघे दहा मिनिटे ठिबकवर बोलत होते. पोट फाडण्याविषयी कुणी काही बोलले नाही. गावात मात्र दादांनी जे सांगून ठेवले होते ते अजून फिरते आहे. परवा आमच्या भावकीतल्या एकाने मला विचारले, की त्या कच्च्या डॉक्टरकडे नको म्हणता ना? मी त्याला घरी बोलावून केसपेपरवरचे ते चित्र दाखवले. त्याच्या आईचे ऑपरेशन पुढच्या गुरुवारी तिथेच ठरले आहे.

पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा शेतात जाऊ. हरभऱ्यावर घाटेअळी दिसू लागल्याची पत्रे आली आहेत, तिच्याविषयी लिहीन.